मुंबईवर घिरट्या आणि उतरायला पुन्हा हरणी: होल्डिंगमध्ये इंधनाचा हिशेब कसा चालतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैतल्या एका संध्याकाळी बडोद्याहून मुंबईला निघालेले विमान मुंबईजवळ सुमारे पाऊण तास घिरट्या घालत राहिले आणि शेवटी मुंबईला न उतरता परत बडोद्यालाच, हरणीच्या विमानतळावर, आले. प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या सासऱ्यांनी तेव्हाच निदान करून टाकले, की इंधन संपत आले असणार. ताईंना ते पटले नाही. इंधन संपत आले होते, तर मुंबई अगदी जवळ असताना विमान साडेतीनशे किलोमीटर मागे आलेच कसे? आणि पावसाळ्यात हे दरवर्षीचेच असेल, तर आधीच भरपूर इंधन का भरून घेत नाहीत?

ताईंची शंका रास्त आहे. मी सत्तावीस वर्षे प्रवासी विमाने चालवली, त्यांतली शेवटची सोळा वर्षे एअरबस ए३२० वर होतो आणि निवृत्तीनंतर दांडिया बाजारातल्या घरी परतलो आहे. मुंबईच्या आकाशात मी किती फेऱ्या मारल्या असतील याची मोजदाद मी ठेवलेली नाही, पण त्या फेऱ्यांमध्ये वैमानिकाच्या डोक्यात कोणते गणित चालू असते ते सांगू शकतो. आपले विमान परत आले ते इंधन संपत आले म्हणून नव्हे. परत येण्यासाठी राखून ठेवलेल्या इंधनाला हात लावण्याची वेळ आली होती आणि कॅप्टनने तो लावला नाही, म्हणून ते परत आले.

आधी एक लहान गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे पुढचे आकडे गोंधळात टाकणार नाहीत. विमानात इंधन लिटरमध्ये मोजत नाहीत, वजनात मोजतात. विमानाच्या इंधनाचे एक लिटर साधारण आठशे ग्रॅम भरते, पण उन्हात तापलेले इंधन प्रसरण पावते आणि तेच लिटर हलके होते. इंजिनाला मिळणारी ऊर्जा मात्र वजनावर ठरते. टँकरवाला लिटरमध्ये बिल करतो आणि कॉकपिटमध्ये आकडा किलोत दिसतो, त्यामुळे प्रत्येक उड्डाणापूर्वी दोन्हींचा मेळ घालून पाहावा लागतो. १९८३ मध्ये कॅनडात एका बोईंग ७६७ चा हा मेळ किलो आणि पौंड यांच्या घोळात चुकला, तेव्हा विमानाची दोन्ही इंजिने हवेतच बंद पडली आणि ते तरंगत तरंगत जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवावे लागले.

आता आपल्या विमानाकडे येऊ. त्या दिवसाचा इंधनाचा कागद माझ्यासमोर नाही, म्हणून मी ए३२० चे गोल केलेले, पण वास्तवाला धरून असलेले आकडे घेतो. बडोद्याच्या धावपट्टीपर्यंत जायला २०० किलो. बडोदे ते मुंबई उड्डाण, उतरण्यासह, १,९०० किलो. वाटेतल्या अनपेक्षित गोष्टींसाठी, म्हणजे उलटा वारा किंवा ढगांना घातलेला वळसा यांसाठी, प्रवासाच्या इंधनाच्या पाच टक्के किंवा पाच मिनिटे घिरट्या घालता येतील इतके, यांपैकी जे जास्त असेल ते घ्यायचे असते. इतक्या छोट्या प्रवासाचे पाच टक्के म्हणजे शंभर किलोही होत नाहीत, म्हणून पाच मिनिटांचा हिशेब लागू होतो आणि तो २०० किलो येतो. मुंबईला उतरता आले नाही तर जिथे जायचे त्या विमानतळाला आम्ही अल्टरनेट म्हणतो. इथे तो बडोदेच धरला, तर मुंबईची धावपट्टी हुकून वर चढण्यापासून हरणीला उतरेपर्यंत १,८०० किलो लागतील. त्याखाली फायनल रिझर्व्ह: विमानतळाच्या दीड हजार फूट वर तीस मिनिटे उडत राहता येईल इतके, म्हणजे साधारण १,२०० किलो. या सगळ्याची बेरीज ५,३०० होते. पावसाळ्यातली संध्याकाळ पाहून कॅप्टनने स्वतःच्या अधिकारात आणखी १,६०० किलो मागितले असे समजू. असे ६,९०० किलो घेऊन विमान निघाले.

या सगळ्या भागांत फायनल रिझर्व्हचे स्थान वेगळे आहे. ते वापरण्यासाठी नसतेच. घरातल्या वडीलधाऱ्यांनी बाजूला ठेवलेल्या आणि कोणी मागायची नाही अशा पैशांसारखे ते असते. सगळे नियोजन असे करायचे, की विमान कुठेही उतरले तरी चाके टेकताना एवढे इंधन टाकीत शिल्लक असलेच पाहिजे. ए३२० मध्ये एका पंखातले इंधन ७५० किलोच्या खाली गेले की कमी इंधनाची सूचना येते. १,२०० किलो दोन पंखांत वाटले तर प्रत्येकी सहाशेच येतात. म्हणजे नियमाने पूर्ण सुरक्षित असलेल्या त्या शेवटच्या मर्यादेपर्यंत पोहोचण्याआधीच कॉकपिटमध्ये पिवळी अक्षरे दिसू लागतात. ज्याने ती एकदा पाहिली, त्याला पुन्हा पाहण्याची हौस राहत नाही.

मुंबईच्या अलीकडे होल्डिंगच्या, म्हणजे घिरट्या घालत थांबण्याच्या, बिंदूवर आलो तेव्हा टाकीत ५,१०० किलो होते असे धरा. तिथून उतरायला ३०० किलो लागतील. धावपट्टीजवळ जाऊन ऐनवेळी वर उचलावे लागले, ज्याला गो-अराउंड म्हणतात, तर त्या क्षणी हातात ३,००० हवेत: १,८०० बडोद्यापर्यंत आणि १,२०० रिझर्व्ह. म्हणून होल्डिंगमधून मुंबईकडे निघताना किमान ३,३०० असले पाहिजेत. ५,१०० मधून ३,३०० गेले की राहिले १,८०० किलो. घिरट्या घालताना ए३२० मिनिटाला साधारण ४० किलो जाळते, म्हणजे हाती पंचेचाळीस मिनिटे आहेत. आपले विमान किती वेळ फिरत होते ते आठवून पाहा.

हा हिशेब विमानातला संगणकही करतो. एअरबसच्या होल्डिंगच्या पानावर ‘लास्ट एक्झिट’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे वेळ व इंधन दिलेले असते: इतक्या वाजता, इतके इंधन असताना निघालात तर अल्टरनेटला रिझर्व्ह राखून पोहोचाल. तरीही मी आणि माझ्या पिढीचे बरेच जण मांडीवरच्या कागदावर तेच पेन्सिलीने लिहीत असू. होल्डिंगची एक फेरी म्हणजे लांबट, धावण्याच्या ट्रॅकसारखा एक वळसा: चौदा हजार फुटांपर्यंत जाण्याची बाजू एक मिनिटाची, त्याहून वर दीड मिनिटाची, आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळे. खालच्या उंचीवर एका फेरीला चार मिनिटे लागतात. बिंदूवरून गेलो की वेळ आणि टनांत इंधन लिहायचे: सात बारा, पाच एक. सात सोळा, चार चौऱ्याण्णव. सात वीस, चार अठ्ठ्याहत्तर. शेजारच्या रकान्यात एटीसीने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाने, दिलेली उतरण्याची अपेक्षित वेळ. पहिला रकाना नेमाने खाली उतरतो, त्यात नवल काही नाही. पाहायचे असते ते शेजारच्या रकान्यात. आधी सात पस्तीस सांगितले होते, ते पुढच्या फेरीत सात बेचाळीस झाले आणि त्याच्या पुढच्या फेरीत सात एक्कावन्न, तर रांग पुढे सरकत नाही, मागे ढकलली जात आहे. इंधनाच्या आकड्यापेक्षा हा कल वैमानिकाला जास्त सांगून जातो, आणि अशा वेळी ‘लास्ट एक्झिट’ची वाट न पाहता आधीच निघणारा कॅप्टन मला शहाणा वाटतो.

वरच्या हिशेबात एक फसवी जागा आहे. होल्डिंगमधून थेट बडोद्याला निघायचे तर धावपट्टीपर्यंत खाली जाण्याचे ३०० किलो वाचतात, म्हणून ३,००० वर निघाले तरी चालते. अर्थात ३,३०० चा आकडा आल्यावरही सात मिनिटे उरल्यासारखी दिसतात. ती सात मिनिटे खरी आहेत, पण ती थांबून मग बडोद्याला जाण्यासाठी आहेत, थांबून मग मुंबईला उतरण्याचा प्रयत्न करण्यासाठी नाहीत. कॅप्टन होऊन मला वर्षही झाले नव्हते तेव्हा मी ती सात मिनिटे वापरली आणि त्यानंतर एटीसीने ‘या’ म्हटल्यावर मुंबईकडे वळलो. उतरलो, प्रवासी आनंदात गेले, कोणाच्या काही लक्षात आले नाही. चार दिवसांनी आमच्या एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी तो उड्डाणाचा कागद समोर ठेवला, माझ्याच अक्षरातल्या एका आकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, “इथे गो-अराउंड झाला असता, तर बडोद्याला किती घेऊन उतरला असतास?” उत्तर नऊशे होते. फायनल रिझर्व्हपेक्षा तीनशे कमी. ते रागावले नाहीत. त्यांनी नुसता कागद परत दिला. मला तेवढे पुरले.

हातातले इंधन जास्त वेळ पुरवण्याचे काही मार्ग असतात. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे होल्डिंगमध्ये पोहोचायची घाईच न करणे. पुढे वीस मिनिटे थांबायचे आहे हे सुरतेच्या आसपास कळले, तर तिथूनच वेग कमी करावा आणि तो वेळ सरळ रेषेत, वरच्या उंचीवर घालवावा. जेट इंजिन उंचावर कमी खाते, आणि सरळ उडणे वळण्यापेक्षा स्वस्त पडते. पंचवीस अंश कलून वळताना पंखांना वजनाच्या सुमारे दहा टक्के जास्त भार पेलावा लागतो आणि तेवढा जोर इंजिनाला लावावा लागतो. म्हणूनच एटीसीकडे जागा असेल तर फेरीच्या बाजू लांब करून मागाव्यात. तेवढ्याच वेळात वळणे कमी होतात.

वेगाचेही तसेच. प्रत्येक वजनाला असा एक वेग असतो की ज्यावर हवेचा विरोध सर्वांत कमी असतो. एअरबसच्या वेगपट्टीवर तो हिरव्या ठिपक्याने दाखवतात. साठ टनांच्या ए३२० ला खालच्या उंचीवर तो २०५ नॉटच्या आसपास येतो, तर त्या उंचीवर होल्डिंगसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा २३० नॉटची आहे, त्यामुळे दोन्हींचे भांडण होत नाही. या वेगावर पंख पूर्ण मिटलेले हवेत. फ्लॅपचा, म्हणजे पंखांच्या कडेतून बाहेर येणाऱ्या पट्ट्यांचा, पहिला टप्पा जरी बाहेर काढला तरी खर्च चढू लागतो. उंचीबाबत मात्र पावसाळ्यात एक अडचण येते. पंधरा हजार फुटांच्या वर दाट ढगात बसायचे तर इंजिनाच्या तोंडाशी बर्फ जमू नये म्हणून गरम हवा सोडावी लागते, आणि ती गरम हवाही इंधनच खाते. दोन हजार फूट खाली, जरा उबदार हवेत, कधी कधी हिशेब बरा पडतो. हे मी तक्त्यांत वाचण्याआधी इंधनाच्या आकड्यांकडे पाहून शिकलो.

तथापि या सगळ्या काटकसरीतून पाच-सात मिनिटे मिळतात. खरा निर्णय दुसऱ्याच प्रश्नावर अवलंबून असतो: खाली नेमके काय अडले आहे? नुसती गर्दी असेल तर एटीसीने दिलेली वेळ बऱ्यापैकी खरी ठरते आणि थांबण्यात अर्थ असतो. एकटे वादळी ढग धावपट्टीवरून जात असेल तर ते अर्ध्या-पाऊण तासात सरकते, रडारवर त्याची चाल दिसते, आणि मागे दुसरे येत आहे की नाही हेही दिसते. उत्तरेतल्या हिवाळ्यातले धुके सूर्य वर येईपर्यंत हलत नाही. पहाटे साडेपाचला त्याच्यावर फेऱ्या मारत बसणे म्हणजे निव्वळ पैसे जाळणे. आणि धावपट्टीवर विमान अडकले आहे असे ऐकू आले, तर कोणत्याही आश्वासनाची वाट न पाहता निघावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘दहा मिनिटांत मोकळी होईल’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. टायर फुटलेले किंवा चिखलात रुतलेले विमान दहा मिनिटांत हलत नाही. १ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईत मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या टोकापलीकडे गेले आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली.

मुंबईचा विषय इथे जरा विस्ताराने सांगायला हवा, कारण ताईंच्या प्रश्नाचे मर्म त्यात आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मुंबईला दोन धावपट्ट्या दिसतात: एक मोठी, सुमारे ३,४५० मीटरची, पूर्व-पश्चिम, दुसरी तिच्याहून लहान, तिरकी. पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी वापरात एकच असते, आणि चौकाच्या जवळ एखादे विमान थांबले तर दोन्ही बंद होतात. इंधनाच्या नियमांच्या दृष्टीने याला फार अर्थ आहे. ज्या विमानतळावर एकमेकींपासून स्वतंत्र दोन धावपट्ट्या आहेत, हवा स्वच्छ आहे आणि उतरण्याची वेळ पक्की मिळाली आहे, तिथे कॅप्टन विचारपूर्वक अल्टरनेटचा नाद सोडू शकतो आणि ते १,८०० किलो थांबण्यासाठी वापरू शकतो. नियमाची अट इतकीच, की जिथे सुरक्षित उतरता येईल तिथे फायनल रिझर्व्ह राखून उतरता आले पाहिजे. मुंबईवर पावसाळी संध्याकाळी असे करणे म्हणजे आपले सगळे एका चौकावर लावणे होय. मी तसे कधी केले नाही आणि जे करत त्यांच्याशी माझा वाद होत असे.

गर्दीचे म्हणाल, तर ती काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनेच जाहीर केले की मुंबईवर विमानांना चाळीस ते साठ मिनिटे घिरट्या घालाव्या लागत होत्या. विमान तासाला सरासरी दोन हजार किलो जाळते असे धरून चाळीस मिनिटांना सुमारे १.७ किलोलिटर, म्हणजे १.८ लाख रुपयांचे, आणि साठ मिनिटांना अडीच किलोलिटर, म्हणजे २.६ लाखांचे इंधन वाया जाते असा हिशेब त्या पत्रकात होता. त्यानंतर गर्दीच्या वेळेतली विमानांची ये-जा तासाला ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळी ४४ वरून ४२ वर आणण्याचे ठरले. दोनचा फरक किरकोळ वाटेल. पण एकामागून एक विमाने सोडणाऱ्या एका धावपट्टीवर दोन जागा रिकाम्या असल्या, तर एखादा गो-अराउंड पचतो. नसल्या तर त्याची किंमत मागची सगळी रांग मोजते.

“मग इंधन कमी आहे असे सांगून रांगेत पुढे का जात नाहीत?” हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारला गेला आहे. यासाठी दोन ठरलेले उच्चार आहेत, आणि २०१२ पासून त्यांचे अर्थ आंतरराष्ट्रीय नियमांत पक्के झाले आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणणे म्हणजे एवढेच कळवणे, की मी आता एका विमानतळाला बांधला गेलो आहे आणि यापुढे उशीर वाढवलात तर माझे रिझर्व्ह मोडेल. याने रांगेत पुढची जागा मिळत नाही; एटीसी फक्त सावध होते. ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ हा दुसरा उच्चार: जवळच्या सुरक्षित विमानतळावर उतरतानाही फायनल रिझर्व्हपेक्षा कमी उरणार हे हिशेबाने दिसले की तो करणे बंधनकारकच आहे. तो केला की सगळे आकाश बाजूला होते. मागाहून त्याची चौकशी होते, आणि व्हायलाच हवी, पण चौकशीच्या भीतीने तो उच्चार टाळू नये.

तो टाळल्याने काय होते याचे उदाहरण आमच्या प्रत्येक वर्गात दिले जाते. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाचे एक बोईंग ७०७ न्यूयॉर्कला येत होते. खराब हवेमुळे त्याला तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून अधिक काळ घिरट्या घालाव्या लागल्या. सहवैमानिकाने एटीसीला प्राधान्य हवे असल्याचे सांगितले, इंधन संपत असल्याचेही सांगितले, पण आणीबाणी हा शब्द कोणी उच्चारला नाही. एटीसीच्या कानांना ती नेहमीची अडचण वाटली. पहिला प्रयत्न फसला आणि दुसऱ्यासाठी वळत असताना इंजिने बंद पडली. १५८ पैकी ७३ जण गेले. प्राधान्य आणि आणीबाणी यांतला फरक बोलणाऱ्याच्या मनात स्पष्ट असेलही, पण ऐकणाऱ्यापर्यंत तो पोहोचला नाही. म्हणूनच आज या बाबतीत आर्जवी भाषा चालत नाही, ठरलेले शब्दच वापरावे लागतात.

आपल्याकडच्या दोन घटना मला याहून जवळच्या वाटतात. १५ नोव्हेंबर १९९३ ला मद्रासहून हैदराबादला गेलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या एअरबस ए३०० ला तिथे दृश्यमानता नसल्याने वर उचलावे लागले, आणि त्यानंतर पंखांचे फ्लॅप पूर्ण आत गेलेच नाहीत. मद्रासला परतण्याचा इंधनाचा हिशेब मिटलेल्या पंखांचा होता; उघड्या फ्लॅपनिशी विमान हळू जाते आणि भरमसाट पिते. ते शेवटी तिरुपतीजवळच्या भातशेतात उतरले. सुदैवाने विमानातले सर्व २६२ जण वाचले. अल्टरनेटचा आकडा निरोगी विमानाचा असतो, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्के बसले. दुसरी ऑगस्ट २०१५ ची: दोहाहून कोचीला आलेले विमान तीनदा कोचीला आणि मग तीनदा तिरुवनंतपुरमला प्रयत्न फसल्यावर सातव्या वेळी उतरले. प्रत्येक गो-अराउंडला इंजिने पूर्ण जोरात चालवावी लागतात, आणि दूरच्या अल्टरनेटचे इंधन अशा दोन-तीन प्रयत्नांतच संपून जाते.

मग सरळ दहा टन भरून का निघत नाहीत? जास्तीचे इंधन वाहून नेण्यालाही इंधन लागते, ताशी साधारण त्याच्या वजनाच्या तीन टक्के. पण बडोदे-मुंबईसारख्या तासाभराच्या प्रवासात हा खर्च नगण्य आहे. अडचण वजनाची असते. ए३२० च्या बऱ्याच विमानांत प्रवासी आणि सामान यांसह, पण इंधनाशिवाय, कमाल वजन ६२.५ टन आणि उतरतानाचे कमाल वजन ६६ टन असते. विमान खच्चून भरलेले असेल तर उतरताना टाकीत साडेतीन टनच इंधन चालते. आपण दहा टन घेऊन निघालो आणि मुंबईने त्या दिवशी चक्क लगेच उतरायला बोलावले, तर वजन उतरेपर्यंत आपल्यालाच मुद्दाम फिरत बसावे लागेल. शिवाय ओल्या धावपट्टीवर प्रत्येक जादा टन थांबायला जास्त अंतर मागतो. भरलेल्या विमानात जास्त इंधन हवे असेल तर सामान किंवा माणसे उतरवावी लागतात, आणि त्या वेळी काउंटरवर उभ्या असलेल्या कोणालाही ते पटत नाही.

अल्टरनेट निवडतानाही नुसते अंतर पाहून भागत नाही. अहमदाबादला जाणाऱ्या विमानाला बडोदे सर्वांत जवळचे, पण जूनमधली वादळी रांग दोन्ही शहरांवर तासाभराच्या अंतराने येऊ शकते. म्हणून तिथे मी उदयपूर किंवा मुंबई मागत असे. दुसरे म्हणजे, मुंबई अडली की सगळेच वळतात. जुलै २०१२ मध्ये माद्रिदवर वादळ आले तेव्हा बरीच विमाने एकदम वालेन्सियाला गेली, तिथेच रांग लागली, आणि नियमाप्रमाणे पुरेसे इंधन घेऊन निघालेल्या तीन विमानांना मेडे म्हणावे लागले. हरणीची एक धावपट्टी आणि विमाने उभी करण्याची मोजकी जागा पाहता हे आपल्यालाही लागू आहे.

गेल्या काही वर्षांत यातला बराचसा उशीर जमिनीवर आणला गेला आहे. दिल्लीत बसलेले वाहतूक नियंत्रणाचे मध्यवर्ती केंद्र मुंबईची क्षमता पाहून इतर विमानतळांवरच्या विमानांना उड्डाणाची नेमकी वेळ देते. दारे लावून बडोद्यालाच पंचवीस मिनिटे बसवून ठेवतात तेव्हा प्रवासी वैतागतात, परंतु इंजिने बंद ठेवून केलेली ती प्रतीक्षा हवेतल्या प्रतीक्षेच्या मानाने जवळजवळ फुकट असते.

राहिला सासऱ्यांचा शेवटचा मुद्दा, की परत बडोद्यालाच आलो होतो तर उतरू का दिले नाही आणि तीन तास आत का बसवले. मीही असा एकदा हरणीला येऊन बसलो आहे. आमच्या मागून वीस मिनिटांनी निघालेल्या विमानाला जागा नाही म्हणून अहमदाबादकडे पाठवले होते, आणि आम्ही टँकरच्या रांगेत चौथे होतो. आईला फोन केला की मी हरणीला आहे, तर ती म्हणाली, “मग जेवायला ये, उसळ केलीय.” घर चार-पाच किलोमीटरवर होते आणि मला विमान सोडता येत नव्हते. एकाही प्रवाशाला उतरवले की त्याचे सामान शोधून काढावे लागते, केबिनची सुरक्षा-तपासणी पुन्हा करावी लागते, आणि मधेच मुंबईने वेळ दिली तर ती हुकते. दुसरीकडे आमच्या कामाच्या तासांचे घड्याळ चालूच असते. त्यांची मर्यादा ओलांडली की विमान, इंधन आणि हवा सगळे ठीक असूनही तेच कर्मचारी ते उडवू शकत नाहीत. त्या रात्री आमची मर्यादा संपायला पन्नास मिनिटे असताना वेळ मिळाली. अल्टरनेट बदलून अहमदाबाद केले, कारण हरणीला तोवर जागा उरली नव्हती, आणि ७,४०० किलो घेऊन पुन्हा मुंबईकडे निघालो.